गिरणीच्या फाटकावरची सत्ता : मुंबईचा जॉबर

#धागा

१/
गिरणी कोणाची, हे फाटकावरच्या पाटीवर लिहिलेले असे. उद्या सकाळी त्या फाटकातून आत कोण जाणार, हे मात्र पाटीवरचे नाव ठरवीत नसे. ते ठरविणाऱ्या माणसाला मुंबईच्या गिरणगावात ‘जॉबर’ म्हणत. व्यवस्थापनाचा इतिहास म्हटला की आपण टेलर आणि फोर्डपर्यंत जातो; लालबाग-परळच्या या माणसाकडे क्वचितच वळतो. हा धागा त्याच्याविषयी.

२/
कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत एक ठरावीक रचना रूढ झाली. सर्वांत वर मॅनेजिंग एजंट, त्याखाली मॅनेजर, मग कताई व विणकाम खात्यांचे मास्तर, त्यांच्याखाली जॉबर आणि तळाशी कामगार.

३/
जॉबर बहुधा कामगारांतूनच वर आलेला असे. साचा बिघडला तर तो दुरुस्त करणे, कामाची वाटणी करणे, देखरेख ठेवणे ही त्याची कामे. पण याच माणसाच्या हाती भरती, रजा आणि कामावरून काढणे हेही असे. स्त्रिया काम करीत त्या खात्यांत हाच अधिकार ‘नायकीण’ चालवी.

४/
एवढी सत्ता मधल्या पायरीवरच्या माणसाकडे का गेली? नेहमीचे उत्तर असे : मास्तर अनेकदा लँकेशायरहून आलेले, कामगार रत्नागिरी-साताऱ्याकडचे, दोघांची भाषा वेगळी, म्हणून दुभाषा हवा. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. पुढे भारतीय मास्तर आणि मॅनेजर वाढत गेले, तरीही जॉबर टिकला. म्हणजे कारण भाषेपलीकडचे होते.

५/
ते कारण हिशेबात सापडते. सुरुवातीच्या काळात अनेक मॅनेजिंग एजंटांची दलाली नफ्यावर नसून उत्पादनावर ठरलेली असे. बाजार तर चंचल. चीनला जाणाऱ्या सुताची मागणी कधी चढे, कधी कोसळे. मागणी चढली की यंत्रे भरभरून चालवायची, उतरली की हात कमी करायचे. हे साधायचे तर कायम नोकरांपेक्षा हाकेसरशी मिळणारी माणसे सोयीची.

६/
ही माणसे म्हणजे ‘बदली’. रोज पहाटे भोंग्याच्या वेळी ते फाटकापाशी जमत. ज्याचा कामगार गैरहजर, त्याच्या जागी कोणाला घ्यायचे, हे जॉबर बोटाने दाखवी. मालकाला ना नोंद ठेवावी लागे, ना जबाबदारी घ्यावी लागे. कामगार पुरवठ्याची सारी अनिश्चितता एका माणसाच्या गळ्यात बांधलेली होती, आणि अधिकार हा त्याचा मोबदला होता.

७/
ही सत्ता फाटकाबाहेरही पसरे. पगार महिन्याचा, तोही महिना उलटून बरेच दिवस गेल्यावर हाती पडे. तोवर वाण्याची उधारी, खानावळीचे पैसे, चाळीतल्या खोलीचे भाडे कसे भागवायचे? तेथे जॉबरचा शब्द जामीन म्हणून चाले. गावाहून नवा आलेला तरुण गाववाल्याच्या ओळखीने आधी त्याच्याकडे जाई, मग गिरणीकडे.

८/
या उपकाराची किंमत होती. कामावर लागण्यासाठी आणि कामावर टिकण्यासाठी ‘दस्तुरी’ द्यावी लागे. स्त्री कामगारांची पिळवणूक तर दुहेरी असे. मालक या भ्रष्टाचाराबद्दल तक्रार करीत. पण ज्या रचनेतून तो उपजे, त्या रचनेचा लाभ तेच घेत होते.

९/
तरीही जॉबर हुकूमशहा नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कामगार मोठ्या संख्येने गावी परतले. मागे राहिलेल्यांना गिरण्या रोजच्या रोज मजुरी देऊ लागल्या, माणसांसाठी आपसांत चढाओढ करू लागल्या. माणसे जमवता आली नाहीत, तर जॉबरचे मोल शून्य. नाराज कामगार दुसऱ्या जॉबरकडे जाऊ शकत असे.

१०/
इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी नेमके हेच दाखविले : जॉबर हा खेड्यातून शहरात आलेला जुना अवशेष नव्हता. तो शहरातील भांडवलशाहीच्या गरजेतून घडला होता, आणि त्याची सत्ता दोन्ही बाजूंना खूश ठेवण्यावर उभी होती. संप झाला की त्याची कोंडी होई. मालकाची बाजू घेतली तर माणसे जात. माणसांची घेतली तर नोकरी.

११/
ही कोंडी १९२८ मध्ये उघडी पडली. काही गिरण्यांनी दोन साच्यांऐवजी तीन साचे एका विणकराकडे देण्याची योजना आणली. कमी माणसे, जास्त काम. एप्रिल १९२८ पासून सुमारे दीड लाख कामगार जवळपास सहा महिने संपावर राहिले. याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

१२/
आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरल्या त्या तिच्या गिरणी समित्या. आता खात्यातली तक्रार जॉबरमार्फत वर जाण्याऐवजी कामगारांनी निवडलेली समिती ती मॅनेजरपुढे मांडू लागली. रचनेच्या तक्त्यात कोठेही नसलेली एक नवी पायरी तयार झाली. जॉबरला आणि मालकाला, दोघांनाही ती खुपली.

१३/
मार्च १९२९ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह युनियनचे प्रमुख नेते मीरत खटल्यात पकडले गेले. त्याच वर्षी व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमला गेला, ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालाने सुचविले की भरतीचा अधिकार जॉबरकडून काढावा आणि स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत.

१४/
१९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. फाटकावरच्या बोटाची जागा हळूहळू नोंदवही घेऊ लागली. पण नीट पाहा : बदली मात्र नाहीसा झाला नाही. हवी तेव्हा मिळणारी, नको तेव्हा घरी पाठविता येणारी माणसे मालकांना हवीच होती. मध्यस्थ दुबळा झाला. अनिश्चितता कामगाराच्याच वाट्याला राहिली.

१५/
म्हणून कोणत्याही संस्थेचा इतिहास वाचताना अधिकाराचा छापील तक्ता पुरेसा मानू नये. तीन प्रश्न विचारावेत. माणूस कामावर कोण घेतो? अडचणीत उसने पैसे कोण देतो? आणि धंदा मंदावला की तोटा कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचतो? १९०० च्या गिरणगावात पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होते ‘जॉबर’. तिसऱ्याचे उत्तर मात्र पहाटे फाटकाबाहेर रांगेत उभे असे. आज कंत्राटदाराच्या किंवा मोबाइल अ‍ॅपच्या इशाऱ्याची वाट पाहणारा कामगार दिसला, तर ही रांग आठवावी.

धागा समाप्त. आपल्या घरी कोणी गिरणीत होते का? त्यांच्याकडून ऐकलेल्या जॉबरच्या आठवणी खाली अवश्य लिहा.