जुने कापड, नवा दोरा

गोधडीत सगळे जुनेच असते. आजीचे विरलेले लुगडे, आजोबांचे धोतर, थोरल्याला आखूड झालेला सदरा, धाकट्याची झबली. एकच वस्तू तिच्यात नवी लागते, ती म्हणजे दोरा. कापड घरात सापडते. दोऱ्यासाठी मात्र पदरचा पैसा तरी मोजावा लागतो, नाहीतर पदरचे श्रम तरी. दिवाळीची थंडी पडू लागली की माळ्यावरच्या गोधड्या उन्हात येतात. त्या निमित्ताने, चिंध्यांना वस्त्र करणाऱ्या या दोऱ्याची हकिगत सांगावी असे मनात आले.

हकिगत जुनी आहे. 1954 ते 1956 या काळात डॉ. ह. धी. सांकलियांनी प्रवराकाठच्या नेवाशाला उत्खनन केले. तेथे तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या भोकांत अडकलेले धागेही मिळाले. तांब्याच्या क्षारांमुळे ते कुजले नव्हते. तपासणीत त्यांत कापूस आणि रेशीम दोन्ही आढळले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा हातांनी या मातीत दोरा ओवला होता. राजांची नावे पुसली गेली, दोरा तेवढा उरला!

पुढे शेकडो वर्षे सूत घरोघर निघाले, चातीवर आणि चरख्यावर. त्यात किती कष्ट होते हे गणिताने पाहू. साडेतीन हात रुंद आणि पाच हात लांब, म्हणजे सुमारे 5 फूट बाय 7 फुटांची गोधडी धरा. अर्ध्या इंचावर एक ओळ घातली, तर 120 ओळी होतात. प्रत्येक ओळ 7 फुटांची, म्हणजे 840 फूट किंवा 280 यार्ड दोरा. टाक्यांच्या वळणांत आणि गाठींत जाणारा धरून 300 यार्ड तरी हवा. खादीच्या हिशेबात पूर्वी 640 तारांची एक गुंडी असे आणि एक तार 4 फुटांची. म्हणजे गुंडीत सुमारे 853 यार्ड सूत. पण एकेरी सूत शिवणाला टिकत नाही. ते चार पदरी पिळले की गुंडीचे 213 यार्डच उरतात. एका गोधडीला अशा दीड गुंड्या लागतील. आणि हे सारे शेत, चूल, जाते आणि पाणी सांभाळून!

चिंध्यांची वस्त्रे अंगावर वागवणाऱ्या गाडगेमहाराजांना लोक गोधडेमहाराज म्हणत. त्या नावातला आदर थोडा त्या अनाम कष्टांच्याही वाट्याला यायला हवा.

1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापसाच्या गिरणीची कंपनी काढली आणि सुताचे दिवस पालटले. मुंबईच्या गिरण्यांचे जाडेभरडे सूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनपर्यंत जाऊ लागले. सुताचा नंबर ही भाषाही गिरणीचीच. एका पौंड सुतात 840 यार्डांच्या 20 लडी भरल्या तर ते 20 नंबरचे सूत. म्हणून नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. नवख्या गिऱ्हाइकाची गल्लत होते ती येथेच.

शिवणाच्या दोऱ्याचे रीळ आले ते स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावाहून. नेपोलियनच्या युद्धांमुळे 1806 च्या सुमारास तेथे रेशमाचा तुटवडा पडला. तेव्हा पॅट्रिक क्लार्क याने कापसाचा गुळगुळीत दोरा पिळला. तो आधी लडीने विकला जाई, मग लाकडी रिळावर. रिळासाठी अर्धी पेनी जादा घेत आणि रिकामे रीळ परत केले की ती परत देत, असे तिकडे सांगतात. आपल्याकडे रिकामी रिळे दुकानी परतली नाहीत. ती पोरांच्या गाड्यांची चाके झाली. पुढे शिवणयंत्रे आली आणि दोऱ्याची भूक वाढली. 1943 साली महायुद्धाच्या टंचाईत सरकारने कापड आणि सूत दोन्हींवर नियंत्रण आणले. जुने लुगडे टाकून देणे तेव्हा कुणालाच परवडणारे नव्हते.

आता रिळाच्या जागी कोन आला आहे. आमचे ओझर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. 1964 पासून त्याचे नाव विमानांच्या कारखान्याशी जोडले गेले. पण हाच रस्ता पुढे मालेगावच्या यंत्रमागांकडे जातो. त्या मागांना सूत कोनावरचेच लागते. त्याचे कारण साधे आहे. रिळावरचा दोरा ओढला की रीळ स्वतः फिरते, अडखळते, गचके देते. कोन जागचा हलत नाही. दोरा निमुळत्या टोकावरून वर सुटत जातो. म्हणून त्याला वेग सोसतो.

शिवणाच्या कित्येक कोनांवर 5000 मीटर असा आकडा असतो. तीनशे यार्डांच्या हिशेबाने त्यात हाताने शिवलेल्या अठरा गोधड्या निघाव्यात. मशीनवर वरचा आणि खालचा असे दोन दोरे जातात. तेथे निम्म्याच धराव्या. मात्र लांबी पाहून भुलू नये. मागाच्या सुताचा कोन आणि शिवणाच्या दोऱ्याचा कोन दिसायला सारखेच असतात. टोक चिमटीत धरून पीळ उलगडावा. दोन-तीन पदर सुटे झाले तर तो शिवणाचा. नुसतेच तंतू मोकळे झाले तर ते एकेरी सूत. दोरा उजेडासमोर धरून त्याची लव पाहावी, कारण फार लव असलेला दोरा मशीनमध्ये कचरा साठवतो. रंगीत दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहावा. मोठा कोन मशीनच्या बारक्या खिळ्यावर बसवू नये. मागे उभा ठेवून त्याच्या शेंड्याच्या नेमके वर एक कडी असावी आणि दोरा तीतून घ्यावा. कडी बाजूला सरकली की ताण बदलतो आणि टाका बिघडतो.

सर्वांत नाजूक प्रश्न आहे तो ताकदीचा. 1941 साली इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचा शोध लागला. त्याचा दोरा सहजी तुटत नाही, कुजत नाही आणि स्वस्तही मिळतो. नव्या, दणकट कापडाला तो शोभतो. पण पन्नास धुण्यांनी विरलेल्या लुगड्यात असा दोरा घातला तर ओढाताणीत हार कोणाची होणार? दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. आजीचे लुगडे फाटले तर ते दुसरे कोठून आणायचे? म्हणून विरलेल्या कापडाला मी सुती दोराच घेईन. दोऱ्याने कापडाला धरावे, त्याच्यावर शिरजोर होऊ नये.

गोधडी जुनी झाली की तिच्यावर नवा थर चढवून पुन्हा दोरा घालायचा, ही आपल्याकडची रीत. आतले तुकडे दिसेनासे होतात, पण जात नाहीत. चातीवरचा, रिळावरचा आणि कोनावरचा असे तीन पिढ्यांचे दोरे एकाच गोधडीत एकमेकांखाली नांदू शकतात. या दिवाळीत गोधड्या उन्हात घालाल, तेव्हा कापडाचे रंग तर पाहालच; जरा टाकेही पाहा. कुठे निसवले असतील, तर सुईत नवा दोरा ओवायला थंडीची वाट कशाला पाहायची?