विषाचा उतारा आणि परवान्याचा प्रश्न

शेवाळाच्या विषाची पहिली ठळक शास्त्रीय नोंद १८७८ सालची. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवरावर पाणी पिणारी जनावरे मरत होती. जॉर्ज फ्रान्सिस यांनी त्याचे कारण पाण्यावर साचलेल्या हिरव्या थरात शोधले आणि ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. आपण ज्याला नील-हरित शेवाळ म्हणतो, ते खरे पाहता जिवाणूच आहेत.

त्यांच्या विषांपैकी सर्वांत परिचित म्हणजे मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांचे हे कडे यकृतावर घाला घालते, आणि पाणी उकळल्याने ते मोडत नाही. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरातील डायलिसिस केंद्रात हे विष पाण्यावाटे थेट रुग्णांच्या रक्तात उतरले. त्यातील ५२ मृत्यूंचा संबंध या विषाशी जोडला गेला. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला १ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली.

विषाचा उतारा मात्र त्याच पाण्यात होता. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मायक्रोसिस्टिन फस्त करणारा एक जिवाणू वेगळा केला. त्याचे पहिले विकर विषाचे कडे एका जागी तोडते. सरळ झालेल्या त्या साखळीची विषारी शक्ती सुमारे १६० पटींनी घटते. पुढे २००१ मध्ये यामागची जनुके ओळखली गेली. ‘एमएलआर-ए’ हे मुख्य जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत घातले, तर तोही ते विष मोडू लागला.

मग हे जिवाणू तलावात का सोडले गेले नाहीत? याचे उत्तर आनंद मोहन चक्रबर्ती यांच्या कथेत सापडते. बंगालमधील सैंथिया येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तेल पचवणारा स्यूडोमोनस तयार केला. १६ जून १९८० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचे पेटंट ग्राह्य धरले. खटला जिंकला, जिवाणू मात्र समुद्रातील तेलावर कधी सोडला गेला नाही. मालकी मान्य होणे वेगळे आणि सोडण्याची परवानगी मिळणे वेगळे. प्रदूषण-निवारणासाठी जनुक-बदल केलेला जिवाणू अमेरिकेत परवानगीने मोकळ्यावर वापरला गेला तो १९९६ मध्ये, ओक रिज येथे. तोही जमिनीत पुरलेल्या टाक्यांत.

ही सावधगिरी भित्रेपणाची नव्हे. एकदा पाण्यात सोडलेला जीव परत बोलावता येत नाही. म्हणूनच विकर वेगळे काढून वापरणे किंवा जिवाणू गाळणीत बांधून ठेवणे, हे मार्ग अधिक शहाणपणाचे वाटतात. ऑस्ट्रेलियातील वाळूच्या गाळण्यांवर आपोआप वाढलेल्या थरात ‘एमएलआर-ए’ जनुक सापडले आहे. म्हणजे जनुक-बदलाविनाही हे काम होऊ शकते.

परंतु उतारा म्हणजे प्रतिबंध नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातील विषामुळे टोलेडो शहराच्या परिसरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. त्या शेवाळाला पोसणारा फॉस्फरस मुख्यतः मॉमी नदीकाठच्या शेतांतून वाहून आला होता. जिवाणू विष मोडेल, पण खताचा हिशेब माणसालाच करावा लागेल. तो टाळण्यासाठी जिवाणूकडे बोट दाखवले जाऊ लागले, तर शोध कितीही मोठा असो, सरोवर हिरवेच राहील.