तुरुंगाचें दार उघडल्यानंतर

इतिहासकार लढायांच्या तारखा लिहितो, तहांचीं कलमें लिहितो, कोण केव्हां तुरुंगांत गेला हेंही लिहितो. परंतु तो सुटून आला त्या दिवशीं त्याच्या घरांत दाणे होते कीं नव्हते, हें सहसा कोणी लिहीत नाहीं. हुकूम एकाच्या नांवानें निघतो, भोग मात्र सर्व घराच्या वांट्यास येतो. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा विचार एकदां या बाजूनें करावा, असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें. त्यासाठीं आम्ही एखादें मोठें शहर न घेतां साखरा हें गांव डोळ्यांपुढें धरलें आहे.

साखरा आज हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांत मोडतें. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. लढ्याच्या काळीं हा मुलूख परभणी जिल्ह्यांत, म्हणजे निजामाच्या राज्यांत होता. उत्तरेकडून पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे वऱ्हाड लागतो. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला आणि १९०२ सालीं तो कायमच्या पट्ट्यानें त्यांजकडे गेला. भाषा एक, भाकरी एक, सोयरिकी एकमेकांत, आणि राज्यें मात्र दोन, अशी या गांवांची स्थिति झाली. निजामी हद्दींत ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वयें सभेस सरकारची परवानगी लागे. पलीकडच्या तीरावर सोयऱ्याचें घर असणें ही त्या काळीं केवढी शिदोरी होती, हें वाचकांच्या पुढें लक्षांत येईल.

हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वींच, सप्टेंबर १९३८ मध्यें, बंदी आली. २४ ऑक्टोबर रोजीं सत्याग्रह सुरू झाला. गांधीजींच्या सल्ल्यानें तो डिसेंबरांत थांबविण्यांत आला. आर्य समाजाचा सत्याग्रह मात्र पुढील वर्षाच्या ऑगस्टपर्यंत चालला. हजारो माणसें तुरुंगांत गेलीं. पुढारी स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमींचे व्यंकटेश खेडगीकर, हे संन्यासी. त्यांच्या मागें संसार नव्हता. परंतु ज्याच्या मागें संसार होता, त्याची गोष्ट निराळी. ऑक्टोबराची अखेर म्हणजे स्वाती नक्षत्राचे दिवस. खरिपाची ज्वारी काढणीस आलेली, कापूस वेंचणीस आलेला, रब्बीचा पेरा चाललेला. अशा वेळीं कर्ता माणूस गेला, तर त्याची शिक्षा कितीही महिन्यांची असो, घराचें सबंध वर्ष बुडतें. आणि एक वर्ष बुडालें म्हणजे सावकाराच्या वहींत दहा वर्षांची भर पडते.

या संकटास तोंड देण्याचें साधन आमच्या खेड्यांत नव्हतें असें नाहीं. कोणत्याही समितीचा जन्म होण्यापूर्वींपासून ‘इर्जिक’ ही चाल चालत आलेली आहे. ज्याचें औत अडलें, त्याच्या शेतांत गांवानें आपापले बैल घेऊन यावें, एका दिवसांत काम उरकावें आणि संध्याकाळीं त्याच्या घरीं जेवून जावें. बलुतेदार सुगीच्या भरंवशावर वर्षभर काम करीत. याचा अर्थ असा कीं, उधारीनें आणि हातभारानें एक घर एक वर्ष तगविण्याची व्यवस्था गांवाच्या रचनेंतच होती. मात्र तिची मर्यादाही आम्ही लपवूं इच्छित नाहीं. इर्जिक शेतवाल्याची असते. ज्याला शेतच नाहीं, जो सालदार किंवा रोजंदार आहे, तो पकडला गेला कीं दुसऱ्या दिवशींच चूल विझते. गांवकुसाबाहेरच्या माणसानें तुरुंग पत्करला, तेव्हां त्यानें जमीनदाराहून अधिक डावास लावलें होतें. आणि त्याच्या मागें उभे राहणारे हात मात्र कमी होते.

समाजानें मनावर घेतलें म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण त्याच वर्षीं घडलें. नोव्हेंबर १९३८ मध्यें ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या प्रश्नावरून उस्मानिया विद्यापीठांतून शेंकडों विद्यार्थी काढले गेले. निजामाच्या राज्यांत त्यांस दुसरें विद्यापीठ नव्हतें. नागपूर विद्यापीठानें त्यांस आपलेसें केलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच विद्यार्थ्यांपैकीं एक. नागपूरकरांनीं तेव्हां दार लावून घेतलें असतें, तर एका पिढीच्या धैर्याची शिक्षा जन्मभराची झाली असती.

१९४७ सालीं प्रसंग याहून बिकट झाला. १५ ऑगस्टच्या सुमारास स्वामीजींस अटक झाली. नोव्हेंबराच्या अखेरीस सुटका आणि जानेवारींत पुन्हा अटक. रझाकारांचा उपद्रव वाढला तशीं कुटुंबेंच्या कुटुंबें सरहद्द ओलांडूं लागलीं. यवतमाळ जिल्ह्यांत उमरखेड येथें लढ्याची मोठी छावणी उभी राहिली. ३० जानेवारी १९४८ रोजीं उमरीच्या बँकेवर कार्यकर्त्यांनीं धाड घातली, ती याच छावण्यांच्या खर्चासाठीं. परंतु छावणी तरुणांस पोसते. म्हाताऱ्यांस आणि लेंकुरवाळ्यांस सोयऱ्याची ओसरी लागते. त्या ओसऱ्यांचा जमाखर्च कोणत्याही दप्तरांत नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाचें राज्य संपलें आणि राजबंद्यांसाठीं तुरुंगांचीं दारें उघडलीं. जे रणांत पडले, त्यांचीं नांवें राहिलीं. वसमत तालुक्यांतील वापटीच्या बहिर्जी शिंदे यांचें नांव वसमतच्या महाविद्यालयास दिलेलें आहे, हें उचितच झालें. पण जे जगले, त्यांस पुन्हा औत धरावयाचें होतें, फिटलें नाहीं तें कर्ज फेडावयाचें होतें. सरकारची आठवण यावयास चोवीस वर्षें लागलीं. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन सुरू केलें. अट अशी कीं, किमान सहा महिन्यांचा कारावास किंवा तितक्याच काळाचें भूमिगत जीवन सिद्ध व्हावें. तुरुंगास नोंदवही असते; छावणीस ती कोठून असणार? सोबत्यांच्या प्रमाणपत्रांवर भिस्त आली, आणि प्रमाणपत्रें आलीं तेथें खोटीं प्रमाणपत्रेंही आलीं. बीड जिल्ह्यांतील असलें प्रकरण २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. खरा सैनिक पुरावा नाहीं म्हणून परत फिरावा आणि खोट्यानें मानधन घ्यावें, याहून मोठी विटंबना कोणती? आणखी एक गोष्ट आमच्या मनास टोंचते. जी स्त्री नवऱ्याच्या माघारीं घर सांभाळीत राहिली, तिची नोंद या योजनेंत होते ती विधवा म्हणून. तिनें काढलेले दिवस कोणी मोजले नाहींत.

येथेंच हा लेख संपविला असता, तर तो वाचकांस अधिक गोड लागला असता. पण तो अर्धाच झाला असता. पोलीस कारवाईनंतर संस्थानांत मुसलमानांवर सूड उगविला गेला. भारत सरकारनें पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांस चौकशीसाठीं पाठविलें. त्यांनीं मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. सर्वांत अधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांस लागली. हा अहवाल कित्येक वर्षें दप्तरांत बंद होता. रझाकार असल्याच्या संशयावरून हजारो लोक तुरुंगांत गेले. त्यांचा पुढारी कासीम रझवी १९५७ सालीं सुटला आणि पाकिस्तानांत गेला. खेड्यांतल्या पिंजाऱ्यास, तांबोळ्यास, मुलाण्यास जावयास दुसरें गांव नव्हतें. त्याची बायकामुलेंही दारांत बसून वाटच पाहत होतीं. त्यांच्यासाठीं इर्जिक कोणी करावयाची? सुंदरलाल यांच्या अहवालांत एक दिलाशाची नोंद आहे: कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांचें रक्षण केलें. एका व्यवसायाचें नातें तेथें धर्माच्या वैराहून बळकट ठरलें.

आयर्लंडांत तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ सालीं जो करार झाला, त्यांत उभय पक्षांच्या कैद्यांची सुटका तर होतीच. शिवाय सुटलेल्यांस शिक्षण आणि रोजगार मिळवून समाजांत पुन्हा सामावून घ्यावें, असें कलमही होतें. आमच्याकडे असें कलम कोणी लिहिलें नाहीं. जें झालें तें सोयऱ्याच्या ओसरीवर आणि शेजाऱ्याच्या औतावर झालें, आणि जें राहून गेलें तेंही तेथेंच राहून गेलें.

१७ सप्टेंबरला मराठवाड्याच्या गांवोगांवीं झेंडा लागतो, साखऱ्यासही लागतो. त्या दिवशीं हुतात्म्यांचीं नांवें घेतलीं जावींत, हें योग्यच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, गांवांतील एखाद्या जुन्या माणसास त्या सकाळीं विचारावें: त्या वर्षीं कोणाचें शेत कोणी पेरलें, आणि कोणाचें पडीक राहिलें? लढा कोण जिंकला, हें पहिल्या उत्तरावरून समजेल. जिंकल्यावर आपण कसे वागलों, हें समजण्यास दुसरें उत्तर ऐकावें लागेल.