एक प्याला आणि एक दार

उरणजवळच्या द्रोणागिरीविषयी अशी लोककथा सांगतात की, मारुतिरायाने संजीवनीसाठी उचलून नेलेल्या पर्वताचा एक तुकडा येथे पडला आणि त्याचाच हा डोंगर झाला. औषधीच्या या डोंगराच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मात्र मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या भट्ट्या पेटलेल्या असत. उरण तेव्हा पनवेल तालुक्यात मोडे. मीठ आणि मद्य यांचा तेथे मोठा व्यापार असून तेथील मद्य मुंबईस जात असे. १८७८ च्या अबकारी कायद्याने या धंद्यावर सरकारची पकड घट्ट झाली. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. दारू थांबावी यापेक्षा कर बुडू नये, हीच चिंता त्यामागे अधिक होती.

प्याला भरणारे हात असे पुष्कळ. दोष मात्र पिणाऱ्या एकट्याच्या पदरी येतो. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील सुधाकर वकिलाचा पहिला प्याला सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु मला अधिक बोचतो तो पुढचा भाग. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करून प्रतिष्ठितांकडे काम मागावयास जातो आणि अपमान घेऊन परततो. मग तो पुन्हा प्याल्याकडेच वळतो.

१ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली. त्याच वर्षी अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट लोकांना हसवून गेला. १९४९ साली मुंबई प्रांतासाठी दारूबंदीचा कायदाही झाला. कायद्याने बाटली जप्त होते. पण सुधाकरास काम कोण देणार? या प्रश्नाचे एक उत्तर १९८६ साली पुण्यास मिळाले. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून सुटलेली माणसेच पुढे इतरांचा हात धरू लागली. पूर्वी ज्यांवर कोणी विश्वास ठेवीत नसे, त्यांच्यावर तेथे दुसऱ्याचा जीव सोपविला गेला.

शेवटी माझ्या पदरचा एक दोष सांगतो. मी शिक्षक असताना एका विद्यार्थ्याचे वडील, सहा महिने दारूला न शिवता, शाळेत शिपायाची जागा मागावयास आले होते. मुख्याध्यापकांनी माझे मत विचारले. “यांचा भरवसा धरू नये,” असे मी सांगितले. ते गृहस्थ नमस्कार करून निघून गेले. त्यांचा मुलगा पूर्वीप्रमाणेच पहिल्या बाकावर बसत राहिला. पण पुढे वर्षभर त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही.