साथ येण्यापूर्वींचा खर्च

रोग घरांत शिरल्यावर वैद्यास बोलावतांना कोणी पैशाकडे पाहत नाहीं. परंतु रोग कोणत्या वाटेनें शिरतो हें शोधणाऱ्यास पैका देण्याची वेळ आली, म्हणजे सरकारचा हात आखडतो. या आखडत्या हाताची किंमत महाराष्ट्रानें एकदां फार जबर दिलेली आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. १८९७ च्या आरंभीं सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला आणि घरांच्या झडत्या, सामानाची जाळपोळ, औषधी पाण्यानें भिंती धुणें, रोग्यांस बळानें छावणींत नेणें, असा कारभार सुरू झाला. पुण्यांत लोकक्षोभ इतका वाढला कीं, २२ जून रोजीं प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली. त्यापूर्वीं १० मार्च रोजीं रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले प्लेगानेंच निवर्तल्या होत्या.

हा सारा खटाटोप ज्या शत्रूविरुद्ध चालला होता, त्याची वाटच कोणास ठाऊक नव्हती! प्लेग पसरवीत होती ती उंदराच्या अंगावरील पिसू. भिंती धुवून निघत, उंदीर शेजारच्या घरांत जात आणि पिसवा त्यांच्याबरोबर जात. पॉल लुई सीमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं कराचीस ही गोष्ट प्रयोगानें दाखविली; पण ती फारशी कोणी मनावर घेतली नाहीं. १९०५ मध्यें संशोधन मंडळ नेमण्यांत आलें, परळच्या प्रयोगशाळेंत पद्धतशीर प्रयोग झाले, आणि मगच ती निर्विवाद ठरली. दरम्यान फौजफाटा व जाळपोळ यांवर पैसा ओतला गेला. १८९६ पासून पुढील पंचवीसएक वर्षांत हिंदुस्थानांत सुमारें एक कोटी माणसें या रोगानें दगावलीं. ज्ञान लवकर मिळतें तर तीं सर्व वांचलीं असतीं, असें आम्ही म्हणत नाहीं. पण आंधळ्या जुलमाऐवजीं नेमका उपाय करतां आला असता, इतकें खास.

आतां दुसरें चित्र पाहा. अकोल्याहून पातूरमार्गें वाशीमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मेडशी हें गांव आहे. एप्रिल २०२० मध्यें वाशीम जिल्ह्यांतील करोनाचा पहिला रुग्ण येथेंच आढळला. परंतु या वेळीं शत्रू अगदींच अनोळखी नव्हता. त्याच वर्षाच्या जानेवारींत केरळांतील, म्हणजे भारतांतील पहिल्या रुग्णाचें निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेनें पक्कें केलें होतें. पुढें तिनेंच वेगळा केलेला विषाणु देशी लस तयार करण्याच्या कामीं आला. ही संस्था १९५२ सालीं स्थापन झाली. तेव्हां मेडशीच्या रुग्णाची कल्पना कोणाच्या स्वप्नांतही नव्हती. तरी त्या वर्षीं पेरलेलें अडुसष्ट वर्षांनीं उपयोगीं पडलें. संशोधनाचें पीक असेंच उशिरा हातीं येतें, आणि म्हणूनच पेरणी आधीं व्हावी लागते.

येथें कोणी म्हणेल कीं, दवाखान्यांत औषध नाहीं, खाट नाहीं. अशा स्थितींत प्रयोगशाळांचे लाड कशाला? आक्षेप खोटा नाहीं. दवाखान्याचा घांस काढून प्रयोगशाळेस द्यावा, असें आमचेंही म्हणणें नाहीं. परंतु औषधास गिऱ्हाईक असतें. न झालेल्या रोगाबद्दल कोण पैसे मोजणार? जेथें नफा नाहीं तेथें खासगी भांडवल सहसा फिरकत नाहीं. म्हणून हें काम सरकारनेंच अंगावर घेतलें पाहिजे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचा संकल्प केला होता. २०२१-२२ मध्यें, ऐन साथीच्या काळांतही, तो १.८४ टक्केच होता. एवढ्या अपुऱ्या ताटांत प्रतिबंधक संशोधनाचें पान शेवटीं वाढलें जातें, यांत नवल तें काय? त्याचा वांटा साथीच्या भीतीनें न ठरतां दरसाल नेमून दिलेला असावा, आणि त्यांतील कांहीं भाग मेडशीसारख्या गांवांतील पाणी, ताप व जनावरांचे रोग यांच्या नित्य पाहणीकडे जावा. साथ ओसरली कीं तिची आठवणही ओसरते. सुज्ञ वाचकांनीं आपल्या प्रतिनिधींस हा प्रश्न विचारावा तो अशा शांततेच्या दिवसांतच.