सक्तीच्या श्रमातून सुटलेली मुले : कुमार-कादंबरी आणि वळिवड्याची वसाहत

दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या श्रमास जुंपलेल्या मुलांविषयी पाश्चात्त्य देशांत कुमारवयीन वाचकांसाठी विपुल ऐतिहासिक कथावाङ्मय निर्माण झाले आहे. त्या वाङ्मयामागील इतिहासाचा एक धागा कोल्हापूरच्या परिसरापर्यंत येऊन पोहोचतो. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या वायव्येस काही मैलांवर वळिवडे हे गाव आहे. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा अधिक होता.

ही मुले येथे आली ती थेट युद्धभूमीवरून नव्हे. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापल्यावर, फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या अवधीत तेथील कुटुंबे चार लाटांत सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत हद्दपार झाली. मोठ्यांच्या वाट्यास जंगलतोड, खाणकाम व सामुदायिक शेती आली. भाकरीचे माप कामावर ठरत असल्याने लहानांनाही हातभार लावल्यावाचून गत्यंतर नव्हते. जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर पोलिश नागरिकांस माफी मिळाली. त्यांतील काही जण १९४२ मध्ये जनरल आंडर्स यांच्या सैन्यासोबत इराणात उतरले. पण दक्षिणेकडील या प्रवासात उपासमार व विषमज्वर यांनी अनेक मुलांचा बळी घेतला. इराणातून काही कुटुंबे कराचीमार्गे वळिवड्यास आली.

एस्तेर हाउटझिग यांचे 'द एंडलेस स्टेप' (१९६८) हे आत्मकथनपर पुस्तक याच इतिहासाची दुसरी बाजू दाखविते. विल्ना येथील ही दहा वर्षांची मुलगी जून १९४१ मध्ये रुब्त्सोव्स्क येथे नेली गेली. आई जिप्समच्या खाणीत, तर मुलगी बटाट्याच्या शेतात खुरपणीस, अशी कामाची वाटणी झाली. पोलिश नागरिकांच्या त्याच माफीने या कुटुंबाची खाणीतून सुटका झाली. परंतु ते १९४६ पर्यंत सैबेरियातच राहिले. रूटा सेपेटिस यांच्या 'बिट्वीन शेड्स ऑफ ग्रे' (२०११) या कादंबरीतील लिथुएनियन लीनाला तर अशी माफीही लाभत नाही.

अशा कथांत तगणे म्हणजे मरण टाळणे, असा अर्थ साहजिकच प्रबळ होतो. वळिवड्याचा इतिहास त्या अर्थास पूर्णता देतो. येथे मुलांसाठी पोलिश माध्यमाच्या शाळा निघाल्या. बालवीर पथके, चर्च, नाटके यांनी दिनक्रम भरला. ज्या मुलास काल भाकरीसाठी राबावे लागत होते, त्याच्याकडून आज केवळ अभ्यासाची अपेक्षा होती. बालपण परत मिळणे हेही तगण्याचेच अंग होय, आणि सुटकेच्या क्षणी संपणाऱ्या कथेत ते हाती लागत नाही.

मात्र या उत्तरार्धास केवळ औदार्याची कहाणी करणे इतिहासास धरून होणार नाही. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन छत्रपती होते व महाराणी ताराबाई राजप्रतिनिधी होत्या. वसाहतीचा खर्च प्रारंभी लंडनस्थित पोलिश सरकारकडे होता. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढली. शिवाय या मुलांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेल्यामुळे परतीचे घरच उरले नाही. आणि वसाहत मोडल्यावर ती देशोदेशी विखुरली. पुढे त्याच जागी फाळणीने बेघर झालेले सिंधी निर्वासित वसले व आजचे गांधीनगर उभे राहिले.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्तंभ व वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारक हा संबंध नोंदवितात. परंतु स्मारक नावे व सन सांगते. दहा वर्षांच्या मुलाला भाकरीच्या तुकड्याचा हिशेब का ठेवावा लागला, आणि तो विसरण्यास त्याला किती दिवस लागले असतील, हे कुमार वाचकास उमजविण्याचे कार्य कथेचेच आहे. ती कथा मराठीत लिहावयाची झाल्यास तिचा शेवट सैबेरियाच्या बर्फात नव्हे, तर वळिवड्याच्या शाळेत शोधावा लागेल.