तुरुंग-प्रशासन, भारतातील

शिक्षा झालेल्या तसेच न्यायचौकशीसाठी अटकेत असलेल्या व्यक्तींची सुरक्षितता, शिस्त, आरोग्य व सुधारणा यांची जबाबदारी वाहणारी शासकीय यंत्रणा. तिच्या इतिहासात कैद्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पहाऱ्यावरील कनिष्ठ सेवकांच्या स्थितीकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीने १८३८ च्या अहवालात या सेवकांतील भ्रष्टाचारावर टीका केली; तथापि तिचा सारा भर जरब बसविण्यावर होता. पगारी पहारेकरी खर्चाचे पडत, म्हणून कैद्यांतूनच मुकादम व वॉर्डर नेमण्याची पद्धत रूढ झाली. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाने (कलम २३) अशा कैदी-अधिकाऱ्यांना दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक ठरविले. ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा, त्याच्याच हाती सत्ता आली. तिचे स्वरूप अंदमानपुरते वि. दा. सावरकर यांच्या माझी जन्मठेप या ग्रंथात पाहावयास मिळते.

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय तुरुंग समितीने (१९१९–२०) कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट मानले आणि कैदी-अधिकाऱ्यांऐवजी पुरेशा वेतनाचे, प्रशिक्षित सेवक नेमण्याची शिफारस केली. परंतु याच सुमारास तुरुंग हा विषय प्रांतांकडे गेला आणि प्रांतांच्या तिजोरीत तुरुंगाचा क्रम शेवटचा असे.

याच काळात औंध संस्थानात एक निराळा प्रयोग झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने व मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ (सध्याचा सांगली जिल्हा) स्वतंत्रपूर ही भिंतीविना वसाहत स्थापन झाली. कैदी तेथे शेती करीत आणि कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांच्या दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटाला याच प्रयोगाची प्रेरणा होती. त्याचा नायक कैदी नसून तुरुंगाधिकारी आहे, हे लक्षणीय होय.

न्यायमूर्ती आ. ना. मुल्ला यांच्या समितीने (१९८०–८३) सेवकांचे प्रशिक्षण व सेवाशर्ती सुधारण्यावर भर देऊन अखिल भारतीय तुरुंग-सेवेची शिफारस केली. ती सेवा निर्माण झाली नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांची क्षमता सु. ४.३६ लक्ष, तर बंदिसंख्या सु. ५.७३ लक्ष होती; मंजूर सेवकपदांपैकी बरीच रिक्त होती. केंद्र शासनाने २०२३ मध्ये आदर्श अधिनियमाचा मसुदा तयार केला. तुरुंग हा राज्यसूचीतील विषय असल्याने त्याचा स्वीकार राज्यांच्या इच्छेवर अवलंबून आहे.